वयाची अट की तयारीची कसोटी?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. ‘मंडळाच्या डोंगरसहलीत 65 वर्षांवरील सभासदांना नेऊ नये, त्यांच्यासाठी बसने देवदर्शनाची वेगळी सहल काढावी’ असा त्याचा आशय आहे. ठराव मांडणारे आपलेच लोक आहेत आणि काळजीपोटीच ते तो मांडत आहेत. मी स्वतः पासष्ट ओलांडलेला आहे, म्हणजे या प्रकरणात माझे हितसंबंध आहेत हे आधीच जाहीर करतो. बँकेत असताना ज्या कर्जदाराशी आपले नाते असे त्याच्या अर्जावर आम्ही सही करत नसू. इथे मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण ज्या अपघातामुळे हा ठराव आला त्या दिवशी सहलीची जबाबदारी माझ्याकडे होती.

गेल्या जानेवारीत आपण पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर गेलो होतो. उतरताना आपल्या एका 69 वर्षांच्या वहिनी सुट्या खडीवरून घसरल्या. हात टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. हाड जुळले, पण त्यानंतर घरच्यांनी त्यांचे संध्याकाळचे फिरणेही बंद केले. परवा त्या मला म्हणाल्या, “भाऊ, हात बरा झाला हो, पण पाय बांधले गेले.” त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

ठरावाचा प्रश्न एका सहलीपुरता नाही. काही अघटित घडले की सरसकट बंदी घालायची, ही आपल्याकडची रीत होत चालली आहे. सरकार तेच करते, घरची मंडळी तेच करतात आणि आता मंडळही तेच करू पाहत आहे. म्हणून आधी गेल्या काही वर्षांत बंदीने काय साधले ते पाहू.

बंदीचा ताळेबंद

जुलै 2023 मध्ये सांगे तालुक्यातील नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी केली. 16 जुलै 2023 हा रविवार होता. त्या दिवशी दूधसागर पाहायला कुळे स्थानकावर शेकडो लोक उतरले. रेल्वेमार्गावरून चालत जाणाऱ्यांना पोलिसांनी अडवले, काहींना उठाबशा काढायला लावल्या. त्याची चित्रफीत देशभर फिरली. दक्षिण पश्चिम रेल्वेने लोकांना आवाहन केले की दूधसागर गाडीच्या डब्यातूनच पाहा. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काही दिवसांनी वन खात्याने कमी धोक्याचे काही धबधबे पुन्हा खुले केले.

पुढच्याच वर्षी, 7 जुलै 2024 ला, पुन्हा रविवारीच, सत्तरीतील पाली धबधब्यावर गेलेले लोक अडकले. दुपारी मुसळधार पाऊस झाला, ओहोळाला पाणी चढले आणि परतीची वाट बंद झाली. अग्निशामक दलाच्या जवानांनी दोर लावून ऐंशीहून अधिक लोकांना बाहेर काढले. त्याच्या आदल्याच रविवारी, 30 जून 2024 ला, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले होते. 15 जून 2025 ला, तोही रविवारच, पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले.

या घटना एकत्र ठेवल्या की तीन गोष्टी दिसतात. पहिली, यांत धोका पाण्याचा आणि गर्दीचा आहे. डोंगर चढल्यामुळे कोणी गेलेले नाही. दुसरी, त्या ठिकाणी जाणारे लोक बहुतेक तरुण किंवा मुलाबाळांसह आलेले असतात. साठीपुढचे लोक पावसाळी रविवारी धबधब्याखाली उभे राहण्यासाठी सहसा जात नाहीत. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, वन खात्यालाही सरसकट बंदीवरून माघार घेऊन धोक्याची प्रतवारी करावी लागली. कोणता धबधबा उथळ, कुठे जाण्याची वाट सोपी, कुठे पाणी अचानक चढते, हे ठरवावे लागले. बंदी एका सहीने घालता येते. प्रतवारीसाठी जागेवर जाऊन पाहावे लागते. खरे काम ते आहे.

महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात सहली काढणाऱ्यांनी नोंदणी करावी आणि सुरक्षेच्या अटी पाळाव्यात अशी तरतूद आहे. त्यामागचे सूत्र असे की जबाबदारी नेणाऱ्याची आधी, येणाऱ्याची नंतर. आपले मंडळ काही व्यवसाय करत नाही. पण पंचवीस-तीस लोकांना बसमध्ये बसवून डोंगराच्या पायथ्याशी नेतो तेव्हा आपणही नेणारेच असतो.

त्या दिवशी काय चुकले

आता आपल्या अपघाताची चौकशी करू. बँकेत रोकड कमी आली की आम्ही आधी दिवसभराचे व्हाउचर काढत असू, कॅशियरचे वय विचारत नसू.

आपण सकाळी सातला निघणार होतो, निघालो आठ वाजून चाळीस मिनिटांनी. चढायला सुरुवात झाली तेव्हा ऊन वर आले होते. देवळात आरती, मग फोटो, मग चहा. जेवण खाली एक वाजता सांगितले होते, म्हणून साडेबाराला मी शिट्टी वाजवून सर्वांना उठवले आणि घाई केली. वहिनींच्या पायात रोजच्या फिरण्याचे, तळ गुळगुळीत झालेले बूट होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तोल सावरायला हात मोकळा नव्हता. पाय थकलेले, ऊन डोळ्यांवर, आणि मागून माझी हाक, “चला, चला, जेवण थंड होते आहे.”

यात 69 हा आकडा कुठे येतो? येतो, नाकारत नाही. पन्नाशीच्या बाईंना कदाचित खरचटले असते, मोडले नसते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात हे डॉक्टर सांगतातच. पण घसरण्याचे कारण वय नव्हते. उशीर, बूट, अडकलेले हात आणि माझी घाई ही कारणे होती. ही चारही कारणे ठरावाने दूर होत नाहीत. उद्या त्याच वाटेवर तसेच बूट घालून 45 वर्षांचे सभासद तशाच घाईत उतरले, तर तेही पडतील.

विमा कंपनीने सोडले, आपण धरले

ज्यांचा धंदाच धोका मोजण्याचा आहे त्यांनी काय केले पाहा. पूर्वी साधारण 65 वर्षांनंतर नवीन आरोग्य विमा मिळणे कठीण असे. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2024 पासून ही वयाची अट काढून टाकली. जानेवारी 2025 मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करण्यापूर्वी प्राधिकरणाला विचारावे लागेल असे ठरले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे.

याचा अर्थ विमा कंपन्या उदार झाल्या असा नाही. त्या अजूनही तपासण्या मागतात, जुने आजार विचारतात, हप्ता त्याप्रमाणे लावतात. म्हणजे त्या वय पाहून दार लावत नाहीत, माणूस पाहून भाव ठरवतात. कर्जाच्या बाबतीत हेच आम्ही करत होतो. पासष्टीला दार लावणारे आता आपले मंडळच उरेल की काय, असे मला वाटू लागले आहे.

एक उपयोगाची गोष्ट इथेच सांगतो, कारण बरेच सभासद विचारतात. ‘डोंगरावर पडलो तर विमा मिळतो का?’ आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळण्यांत साहसी खेळांचे एक कलम आहे. त्यात गिर्यारोहण, प्रस्तरारोहण ही नावे आहेत. पण कलमाचे शब्द नीट वाचा. त्या खेळात ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेतल्यामुळे झालेला खर्च वगळलेला आहे. मंडळाबरोबर चंद्रनाथाला गेलेला निवृत्त माणूस व्यावसायिक नव्हे. वैयक्तिक अपघात विमा आणि प्रवास विमा यांची कलमे मात्र वेगळी असतात. आपापली पॉलिसी काढून एकदा वाचावी. समजले नाही तर माझ्याकडे घेऊन या, चष्मा दोघांचाही लागेल.

आमच्या आज्या कशा चालत?

हा प्रश्न नेहमी निघतो. आपल्यातील बहुतेक घराणी पेडणे आणि डिचोली महालांतून नोकरी-धंद्यानिमित्त फोंड्यात येऊन स्थिरावली. माझी आजी कोजागरीला पेडण्याच्या पुनवेसाठी गावाहून चालत जाई आणि पहाटे चालत परत येई. पायात काही नसे. आम्हा मुलांना झोप अनावर झाली की आळीपाळीने कडेवर घेई. तिने ट्रेकिंग हा शब्द ऐकलाही नव्हता. गोव्यातून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंड्यांत आजही सत्तरीचे वारकरी असतात. आळंदीहून निघणारी वारी सुमारे 250 किलोमीटर चालते, आणि तिच्यात वयाचा दाखला कोणी विचारत नाही.

पण या आठवणीने हुरळून जाण्यात अर्थ नाही. आजी पुनवेला चालत जाऊ शकली, कारण बाकीचे 364 दिवसही ती चालतच होती. विहिरीवर, मळ्यात, कुळागरात, बाजाराला. वारकरीही एकदम उठून चालू लागत नाही, शेतात वर्षभर राबलेले पाय असतात ते. आपण 35 वर्षे काउंटरच्या मागे, टेबलामागे, वर्गात खुर्चीवर काढली. निवृत्तीनंतर एका रविवारी बूट घालून डोंगर चढायला निघालो तर ते खात्यात शिल्लक नसताना चेक फाडण्यासारखे आहे. खाते उघडावे लागते, त्यात रोज थोडे थोडे टाकावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत 65 वर्षांवरील माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. आपण पहिला भाग ऐकतो, म्हणून फर्मागुढीच्या चढावर सकाळी इतकी गर्दी दिसते. बाकीचे दोन भाग आपल्या कानांवरून जातात. पडण्यापासून वाचवतात ते मात्र हेच दोन.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, नाहीतर सारे व्यर्थ, असेही अनेकांना वाटते. हा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावावरून आला. ते नाव जाहिरातीसाठी ठेवलेले होते. अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की रोजच्या 4,400 पावलांपासूनच फायदा दिसू लागतो आणि 7,500 च्या आसपास तो स्थिरावतो. तेव्हा आकड्याच्या मागे लागून गुडघे दुखवून घेऊ नयेत.

सामानाचा मोह

दुसरी चूक आपण बाजारात करतो. सहल ठरली की नातू मोबाइलवर सामान मागवून देतो. पन्नास लिटरची सॅक, डोक्याला दिवा, सात कप्प्यांची पँट. सामान घेतले की तयारी झाली असे वाटते. माझेही तेच झाले.

मी निवृत्त झालो तेव्हा चांगल्या कंपनीचे महागडे बूट घेतले. चार वेळा वापरले आणि ‘चांगले आहेत, जपून ठेवू’ म्हणून कपाटात ठेवले. पाच वर्षांनी बोरीच्या सिद्धनाथ डोंगरावर घालून गेलो. दिसायला नवे कोरे होते. उतरताना उजव्या पायाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबू लागला. दहा मिनिटांत डावाही गेला. सुतळीने बांधून, रुमाल गुंडाळून कसाबसा खाली आलो. बरोबरचे एक मित्र चपला घालून माझ्या पुढे टणाटण उतरत होते, ते दुःख वेगळेच.

नंतर चौकशी केली तेव्हा कारण समजले. अशा बुटांच्या तळातला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील दमटपणाने तो आतून हळूहळू विरतो. वापरला नाही तरी विरतो, उलट बंद कपाटात पडून राहिला तर लवकरच. गोव्यातल्या हवेला दमटपणा शिकवावा लागत नाही. म्हणून जुने बूट घालण्यापूर्वी तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहा, मधल्या थराला अंगठ्याने दाबा. भुगा पडला, चिरा दिसल्या की ते बूट डोंगरावर नेऊ नका, कितीही नवे दिसोत. जपून ठेवलेली वस्तू चांगलीच राहते हा आपल्या पिढीचा समज इथे उपयोगी नाही.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा असावा. सर्वांत आधी बूट. ते संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. तळाला खोल खाचा हव्यात. सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरणारी मंडळी ॲक्शन ट्रेकिंगसारख्या साध्या, हजार-दीड हजाराच्या आसपासच्या बुटांवर भागवत आली आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18 टक्के. हे लक्षात ठेवून दुकानात जा. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, दोन आठवडे घराजवळ वापरा. आणि पावसात शेवाळलेल्या जांभ्या दगडावर कुठलाच बूट टिकत नाही. तिथे न जाणे हाच उपाय.

दुसरी काठी. एकापेक्षा दोन बऱ्या. उतरताना गुडघ्यांवर येणारा भार काठ्यांनी बराच कमी होतो, आणि घसरलो तर हात आधीच जमिनीला लागलेला असतो. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची, उतरताना थोडी जास्त. दुकानातल्या काठ्या जमल्या तर घ्या, नाहीतर चिवारीच्या दोन सरळ काठ्या आपल्या गावी फुकट मिळतात.

तिसरी लहान सॅक, वीस लिटरची. पाठीवर लावायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. वहिनींच्या हातातली पिशवी पाठीवर असती तर हा लेख मला लिहावा लागला नसता. त्यात दोन लिटर पाणी, स्वतःची औषधे आणि त्यांची चिठ्ठी, साखर किंवा गूळ, शिट्टी, रुंद बँडेज, हलका रेनकोट. सगळे मिळून चार किलोंच्या वर जाऊ नये. बाकी सारे घरी.

याचे मला आवडणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. एमा गेटवुड या अकरा मुलांच्या आई. 1954 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी त्या ॲपलेशियन ट्रेल या दोन हजारांहून अधिक मैलांच्या डोंगरवाटेवर एकट्या निघाल्या. चष्मा फुटला, वाट चुकली, वनरक्षकांनी शोधून काढले आणि घरी जायला सांगितले. त्या घरी गेल्या. पुढच्या वर्षी, 67 व्या वर्षी, पुन्हा आल्या आणि सारी वाट चालून गेल्या. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. ती वाट पूर्ण चालणाऱ्या त्या इतिहासातल्या सुरुवातीच्या मोजक्या लोकांपैकी एक. पहिल्या वर्षी वनरक्षकांनी ‘वय झाले, पुन्हा येऊ नका’ असा नियमच केला असता तर?

तरीही याची दुसरी बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. जपानचे युइचिरो मिउरा 2013 मध्ये 80 व्या वर्षी एव्हरेस्टवर गेले, पण परतताना वाटेतल्या तळावरून त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. नेपाळचे मीन बहादुर शेरचन यांनी 2008 मध्ये 76 व्या वर्षी एव्हरेस्ट सर केले होते. तो विक्रम परत मिळवायला ते 2017 मध्ये 85 व्या वर्षी गेले आणि बेस कॅम्पवरच वारले. वय अडवत नाही हे जितके खरे, तितकेच वय विसरून चालत नाही हेही खरे. म्हणूनच मी वयाच्या अटीऐवजी कसोटी मागतो आहे. ‘कुणालाही, कुठेही’ असे माझे म्हणणे नाही.

माझी दुरुस्ती

ठरावाला मी पुढील दुरुस्ती सुचवतो.

एक, वाटांची प्रतवारी. पहिली प्रत सपाट किंवा सौम्य वाटांची: कवळे, रामनाथी, नागेशी, बांदोड्याची महालक्ष्मी अशी देवळे जोडणारी सकाळची फेरी, डिचोलीत मयेच्या तळ्याकाठी, दिवाडीहून फेरीने नार्व्याला उतरून सप्तकोटेश्वर. दुसरी प्रत चढाची: सिद्धनाथ, चंद्रनाथ, पेडण्यात हरमलहून केरीकडची डोंगरकड्याची वाट. तिसरी प्रत सत्तरीतील जंगल आणि उंच डोंगर. पहिल्या प्रतीला सर्वांना मोकळीक, दुसरीला कसोटी, तिसरीला कसोटी आणि डॉक्टरांचा सल्ला. पावसाळ्यात फक्त पहिली प्रत, आणि ओहोळ ओलांडावा लागणारी वाट कोणत्याही प्रतीत नको.

दोन, कसोटी. सर्व वयांच्या सभासदांना एकच. हात छातीवर बांधून साध्या खुर्चीवरून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. 65 ते 69 वयाच्या पुरुषांना 12 पेक्षा कमी आणि स्त्रियांना 11 पेक्षा कमी जमले तर पडण्याचा धोका अधिक, असा अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा ठोकताळा आहे. दुसरे, एका पायावर 10 सेकंद उभे राहणे, जवळ कुणाला तरी उभे करून. कमी पडले म्हणून कुणाला लाजवायचे नाही. दोन महिने खुर्चीचाच व्यायाम करून पुन्हा यायचे. मी पहिल्यांदा केले तेव्हा माझे 10 झाले होते. आता 14 होतात.

तीन, वेळ. निघण्याची वेळ चुकली तर वर जाण्याचे अंतर कमी करायचे, उतरण्याचा वेग वाढवायचा नाही. परत फिरण्याची वेळ आधी जाहीर करायची आणि शिखर राहिले तरी पाळायची. जेवणाची वेळ कधीही पायथ्याशी बांधायची नाही. हा नियम माझ्या नावावर टाकला तरी चालेल.

चार, जंगलाची काळजी. सत्तरीत 2015 मध्ये पाली भागात माकडतापाचे रुग्ण सापडले. आपल्या पेडणे-डिचोलीला लागून असलेल्या दोडामार्ग, बांदा भागातही त्यानंतरच्या दोन वर्षांत तो पसरला होता. गोचिडीच्या चाव्याने होणारा हा ताप साधारण हिवाळ्यापासून मेपर्यंत, म्हणजे नेमका आपल्या सहलींच्या दिवसांत असतो. जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली पँट, पालापाचोळ्यावर न बसणे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुणे. माकड मेलेले दिसले तर तिथून परत फिरायचे आणि आरोग्य खात्याला कळवायचे. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगायचे.

पाच, कागद. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी किंवा इन्सुलिन असल्यास त्याची नोंद, आणि घरचा फोन. 108 सर्वांना पाठ असतो, पण डोंगरावर रेंज नसते. म्हणून पायथ्याशी एक माणूस कायम थांबेल.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बसने नेऊन आणले की झाले. 2011 च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत साठीपुढचे 11.2 टक्के होते. केरळनंतर देशात आपणच. त्यानंतर तो वाटा वाढतच गेला आहे. आपल्या सभासद यादीत तर निम्म्याहून अधिक आपणच आहोत. ज्या मंडळात निम्मे सभासद बसमधून खिडकीबाहेर डोंगर पाहतात त्याची सहल किती दिवस चालेल? मुले परदेशी, पुण्या-बंगळूरला. घरात दोघेच. चालता येणे म्हणजे औषधाच्या दुकानापर्यंत, भाजीबाजारापर्यंत, देवळापर्यंत कुणाला न विचारता जाता येणे. डोंगर हे निमित्त आहे. पायांतले बळ टिकावे यासाठीच तो चढायचा.

आणि जबाबदारीचा प्रश्न ज्यांनी काढला आहे त्यांना नम्रपणे सांगतो, जबाबदारी टाळण्यासाठी बंदी घालता येते, पण बंदीने जबाबदारी संपत नाही. ज्या वहिनी घरी बसल्या त्यांचे स्नायू घरी बसूनच उतरत आहेत. न्हाणीघरात, जिन्यावर, अंगणातल्या पायरीवर पडण्याचा धोका वाढतो आहे. तो अपघात मंडळाच्या अहवालात येणार नाही एवढाच फरक.

सभेला जरूर या. ठरावाच्या बाजूने असाल तरी या. सभागृहात मी हात नसलेली एक खुर्ची आणि घड्याळ ठेवणार आहे. मतदानाआधी ज्यांना हवे त्यांनी 30 सेकंद द्यावेत, पंचेचाळीशीच्या मंडळींनीही. वहिनींनी येण्याचे कबूल केले आहे. महिनाभर घरीच खुर्चीचा सराव चालू आहे म्हणाल्या. आकडा मात्र सांगितला नाही.